आपल्याच गावची खडी

त्रेपन्न साली पावसानं दगा दिला आणि सरकारनं चाकणच्या रस्त्यावर खडी फोडायचं दुष्काळी काम काढलं. काम आमच्या कुरुळीच्या वेशीवरच होतं. पण आम्ही पडलो खानदानी घरच्या बायका! तोंडाला पदर गुंडाळून आम्ही दोन कोस मोशीच्या खडीवर जायचो आणि खोट्या नावानं हजेरी लावायचो. मोशीच्या खानदानी बायका तशाच कुरुळीला यायच्या. इंद्रायणीच्या कोरड्या पात्रात दोन्ही टोळ्या समोरासमोर यायच्या आणि एकमेकींना ओळख दाखवायच्या नाहीत. गावाची अब्रू म्हणे अशी राहते. जळली मेली ती अब्रू.

माझी शेजारीण पुतळा. तिचं पोर पाच महिन्यांचं. नवरा काम शोधायला कासारवाडीकडं गेलेला, घरात कारभार थोरल्या दिराचा, उद्धवरावांचा. पोर दिवसभर सासूजवळ गुळाच्या पाण्यावर राहायचं आणि इकडं खडी फोडताना हिची चोळी दुधानं भिजायची. मला ते बघवायचं नाही.

एका सोमवारी मोशीच्या मुकादमानं "गंगू" म्हणून तीनदा पुकारलं. पुतळाला स्वतःचंच खोटं नाव आठवलं नाही. गैरहजेरी लागली, दिवस फुकट गेला. घरी येऊन तिनं पोराला उचललं, तर रडून रडून त्याचा आवाज बसलेला.

"उद्यापासनं मी आपल्या गावच्या खडीवर जानार," तिनं दिराला सांगितलं. मी भिंतीपलीकडून ऐकत होते.

"गावात नाक कापतीस व्हय आमचं? गेलीस तर ह्या घरात परत पाय ठिवायचा न्हाई."

"बरं," पुतळा म्हणाली.

सकाळी पोर कडेवर घेऊन ती हजेरीच्या रांगेत उभी राहिली. तिला समजवायला म्हणून मी मागून गेले आणि तिच्यामागं उभीच राहिले. सगळा गाव बघायला जमला. कामधंदा कुणाला होता? उद्धवराव पुढंच उभे.

"नाव सांगा बाई. नवऱ्याचंबी," मुकादम म्हणाला.

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज तोंडातून काढत नाहीत. चारचौघांत तर नाहीच.

"पुतळाबाई ज्योतीराम कड," ती खणखणीत म्हणाली. "ह्याच गावची. लिवा." मग दिराकडं वळली. "भावजी, घरात नका घिऊ. हितं झाडाखाली ऱ्हाईन, पर पोर माज्या नजरंसमोर ऱ्हाईल."

उद्धवराव चपला वाजवत निघून गेले. पुतळानं बाभळीला झोळी बांधली, पोराला पोटभर पाजलं आणि हातोडी उचलली.

"फुडची कोन?" मुकादम माझ्याकडं बघत होता.

आमचे मालक पलीकडं विडी ओढत उभे होते. रागानं माझं डोकं भणभणत होतं. इतक्या दिवसांची ती पायपीट, ती चोरी, कुणासाठी केली आम्ही?

मी तोंडावरचा पदर काढला आणि त्यांच्याकडं बघतच सांगितलं, "सुभद्राबाई हिंदुराव कड."