चेंडूला पाय लागला

गुडघा बदलून घेण्याआधी देवदत्तांना एकच गोष्ट हवी होती : क्लबातल्या लाकडी फळ्यावर आपलं नाव. पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये घालणाऱ्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत लिहीत. साठीनंतर गोल्फ शिकलेल्या देवदत्तांचं नाव तिथं नव्हतं. ऑपरेशन सोमवारी होतं. आज शनिवार.

मुलुंडहून पवईला निघताना त्यांच्या पत्नी शुभाताई नेहमीप्रमाणे गाडीत बसल्या. चातुर्मासात रोज गणपतीची पूजा होईपर्यंत त्यांचं मौन असे. बाजारातल्या जुडीत निम्मं गवतच निघतं, म्हणून दूर्वा त्या मैदानावरच्या तोडत.

"शेवटच्या झेंड्यापलीकडे चांगल्या आहेत," देवदत्त म्हणाले. "निवांत तोड. माझा चेंडू तिथवर येत नाही."

ते खरंच होतं. मध्ये उंचवटा होता आणि त्यांचा चेंडू तो कधी ओलांडत नसे.

दूर्वा तोडून शुभाताई अनवाणीच हिरवळीवरून चपलांकडे निघाल्या. तेवढ्यात एक चेंडू घरंगळत आला आणि झेंड्याच्या अलीकडे, त्यांच्या अंगठ्याला लागून थांबला. पाय लागला, तेव्हा त्यांनी लहानपणापासून करत आल्या तेच केलं. वाकून चेंडू उचलला, कपाळाला लावला, परत ठेवला. जमीन जरा उतरती होती. चेंडू हळूच निघाला आणि होलमध्ये पडला.

देवदत्त आणि त्यांचे जोडीदार अण्णा उंचवट्यावरून उतरले. झुडपात शोधून झालं, वाळूत शोधून झालं. शेवटी अण्णांनी गंमत म्हणून होलमध्ये डोकावलं.

"अरे ए देवदत्त! आत आहे ना! पार्टी दे आता!"

"साक्षीदार लागतो रे. आपण दोघं पलीकडे होतो."

"मग वहिनी कशाला आहेत? वहिनी, चेंडू आत जाताना बघितलात ना?"

शुभाताईंनी मान डोलावली. बघितला होताच.

"थेट गेला?"

त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. पायाकडे बोट दाखवलं, वाकल्या, हात कपाळाला लावले.

"अरे, माझ्या पाया पडतेय ही," देवदत्त म्हणाले.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ना?" अण्णा म्हणाले. शुभाताई पुन्हा मान हलवू लागल्या. "राहू द्या वहिनी. भरून आलंय तुम्हाला."

वाटेत देवदत्तांनी संध्याकाळी क्लबात वाटायला पेढे घेतले. घरी शुभाताईंनी दूर्वा वाहिल्या, पेढ्यांचाच नैवेद्य दाखवला, आरती केली. मग बोलल्या.

"अहो, चेंडूला माझा पाय लागला." आणि सगळं सांगितलं.

देवदत्त पाय लांब करून बसले होते. "होलपासून किती लांब होता?"

"दोनेक वीत."

"नसतीस तू, तर गेला असता आत?"

"ते गणपतीला ठाऊक. थांबला होता खरा."

"कुणाला कळलं नसतं गं."

"मी बोलायला लागले ना आता."

त्यांनी अण्णांना फोन लावला. "नाव देऊ नकोस रे." कारण ऐकून अण्णा इतके हसले की देवदत्तांनी फोन कानापासून लांब धरला. हसू ओसरल्यावर अण्णांचा आवाज आला, "पण उंचवटा ओलांडलास की, यार!"

फोन ठेवून देवदत्तांनी पेढ्यांचा पुडा पुढे ओढला.

"पेढ्यांचं काय करू आता?"

"प्रसाद म्हणून वाटा."

त्यांनी एक पेढा उचलला, अर्धा शुभाताईंच्या हातावर ठेवला.

"गुडघा बरा झाला की दूर्वा दुसरीकडे तोडत जा," ते म्हणाले. "माझा चेंडू आता येतो तिथवर."