परक्याचं काडतूस

आमच्या टेसाने गाडीतून उतरता उतरताच बजावलं, "बाबा, नोलनशी दोन दिवस धड वागलात तर लग्न इथे, आपल्या कुरणात. नाहीतर सिॲटलला. मग या तुम्ही पाहुण्यासारखे!"

तिच्यामागे तो होणारा जावई चष्मा पुसत उभा. विमा कंपनीत आकडेमोड करतो. त्याला म्हणे रिकाम्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी घालून घरी काडतुसं भरायला शिकायचं होतं. मोंटानातल्या सासऱ्याला गटवायचा हा रस्ता पोरीनेच दाखवला असणार. मी मनात म्हटलं, गटवून तर दाखव.

शनिवारी त्याला मर्लच्या बंदुकांच्या दुकानात नेलं. तिथे नवशिका दिसला की गिऱ्हाइकंही सल्ले द्यायला सरसावतात. सगळ्यांनी त्याला दांडा ओढला की काडतूस बाहेर टाकणारं ते चकचकीत यंत्र दाखवलं. नवशिका त्यावर हमखास घोळ घालतो, म्हणून त्याने तेच घ्यावं, अशी माझी फार इच्छा होती. मग टेसाला सांगता आलं असतं, बघ तुझा शहाणा! पण पठ्ठ्याने एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस घेतला आणि त्याच्यासोबत उत्तम वजनकाटा.

"चुकलोच तर एका वेळी एकदाच चुकेन, सर," तो म्हणाला.

माझा अगदी हिरमोड झाला. काहीतरी खडसावायला हवं म्हणून मी खडसावलं, "एक लक्षात ठेव. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. दारू जास्त पडली असेल तर बंदूक हातातच फुटते. मित्र असो, भाऊ असो. या मर्लचंसुद्धा मी घालत नाही."

"मी तरी कुठे याचं घालतो?" मर्ल गल्ल्यावरून ओरडला.

संध्याकाळी माझ्या गॅरेजमध्ये तो एकेका पुंगळीची दारू दोनदोनदा तोलत बसला. मी रेडिओ लावला तर उठून बंद केला. माझ्या गॅरेजमध्ये, माझा रेडिओ!

रविवारी तिघेही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. नोलनच्या गोळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळजवळ लागल्या. माझे हात शिवशिवायला लागले, आणि बघतो तर माझा काडतुसांचा डबा घरीच राहिलेला. आमच्या दोघांच्या बंदुकांना काडतूस एकाच मापाचं लागतं.

"दे रे चार-पाच," मी म्हटलं.

"नाही सर. दुसऱ्याने भरलेलं घालायचं नाही."

"अरे, मीच सांगितलं ना ते!"

"म्हणूनच नाही देत."

असा राग आला मला! "तो नियम परक्यांसाठी आहे, गाढवा! तू काय परका आहेस?"

टेसाचा सँडविच खाता खाता घास थांबला. नोलनने चष्मा काढला आणि पुसतच राहिला. मला वाटलं होतं त्याहून जरा जास्तच बोलून गेलो होतो, पण परत घ्यावंसं वाटेना.

शेवटी त्याने माझ्या हातावर काडतूस ठेवलं. एकच.

"एवढंच?"

"आधी एक बघू, सर."

"आणि ते सर सर बंद कर," मी म्हटलं. काडतूस बंदुकीत सरकवलं आणि नेम धरता धरता टेसाला विचारलं, "कुरणातलं गवत कधी कापून ठेवू?"