एमएचची गाडी

अंबिकावहिनी माघात गेली आणि माझं मराठी बोलणं बंद पडलं. आम्ही नणंद-भावजय जन्मभर भांडलो, पण मराठीत भांडलो. तिचा मुलगा निमिष लखनौहून फोन करतो. 'आत्या' एवढं मराठीत म्हणतो, पुढचं सगळं हिंदीत. ब्रह्माघाटच्या आमच्या गल्लीत आता दुसरं मराठी घर उरलेलं नाही. देवाशी बोलते, पण तो कधी उलट बोलत नाही, आणि मला उलट बोलणारं माणूस लागतं.

अशात मैदागिनच्या पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसले. मला गाड्यांतलं काय कळतंय? पण भाजी आणायला निघाले होते, तर एका नंबरप्लेटवर एमएच दिसलं. पेट्रोलची गाडी टाकी भरली की पसार होते. हिला मात्र तासभर जागचं हलता येत नाही. गाडीवाले वैतागून मोबाइल चोळत बसतात. म्हटलं, हे झकास आहे, पळून जातील कुठे?

तेव्हापासून भाजीचं निमित्त करून रोज तिकडे जाते. बिहारच्या गाड्या येतात, दिल्लीच्या येतात, एमएच क्वचित. आता सारनाथला, स्टेशनपाशी, सगळीकडे चार्जर होणार म्हणे. लोक खूश आहेत. मला धास्ती, की माझ्या वाट्याची चार माणसंही वाटली जाणार.

परवा एक एमएचची आली. नवरा-बायको, तरुण. ती त्याला म्हणत होती, "अरे, पाण्याची बाटली हॉटेलातच राहिली बघ." ते ऐकताच हातातली भाजीची पिशवी सावरली. मी पुढे झाले.

"महाराष्ट्रातून आलात ना? थकून गेले असाल. गाडी अजून किती वेळ लावेल?"

नवरा हसला. "बस, आधा घंटा और लगेगा, माताजी."

म्हटलं, ऐकू आलं नसेल. "मी पद्मा. आमचं घर इथेच आहे. चला, चहा पिलवते तुम्हाला."

"नहीं नहीं, आप तकलीफ़ मत कीजिए," बायको म्हणाली. त्याच्याकडे वळली की मराठी, माझ्याकडे वळली की हिंदी. समोर पंगत बसावी आणि मला पान मांडू नये, तसं झालं.

मग ती अगदी प्रेमाने म्हणाली, "आपकी मराठी बहुत अच्छी है. कहाँ सीखी आपने?"

आमच्या मराठीत एवढी हिंदी मुरली आहे, हे वहिनीला आणि मला कधी कळलंच नाही. दोघींचं सारखंच होतं ना. एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. या वेळी आला नाही, नुसतं फार एकटं वाटलं.

"हमारे घर में सब बोलते थे," मी म्हणाले.

मग अर्धा तास आम्ही हिंदीतच बोललो. दर्शनाची रांग, रस्ते, ऊन. पोरगी गोड होती, तिचा काही दोष नाही. गाडी भरली. नवऱ्याने वायर काढली. काच खाली करून तिने हात हलवला आणि सवयीने बोलून गेली, "येतो हं काकू."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिला आठवलं, तिने जीभ चावली आणि माझ्यासाठी पुन्हा नीट सांगितलं, "चलते हैं, माताजी."