न फुटलेलं नाक

मी शर्यतीच्या गाडीचं नाक, म्हणजे तिचं पुढचं टोक बोलतोय. हसायचं तर हसा, मला आता कशाचंच काही वाटत नाही. साकीनाक्याला एका पत्र्याच्या शेडमागे पडून आहे. अंगाला साधा तडाही गेलेला नाही आणि तेच माझं दुखणं आहे.

सत्त्याऐंशी साली मला दशरथने घडवलं. तो मढचा कोळी. बापजाद्यांनी लाकडी होड्या बांधल्या, हा साकीनाक्याच्या याच शेडमध्ये फायबरच्या टाक्या बनवायचा. गाडी त्याच्या जिवलग दोस्ताची, भांडुपच्या चंदूची. चंदूचं गॅरेज होतं आणि वर्षातून एकदा तो मद्रासकडे शर्यतीला जायचा.

माझ्याआधीचं नाक सुरीच्या पात्यासारखं चपटं होतं. वारा त्याच्यावरून सरकायचा आणि पुढची चाकं रस्त्याला दाबून धरायचा. पण चालवणाऱ्याचे पाय पार टोकाशी यायचे. त्या वर्षी शर्यतवाल्यांनी नियम काढला, की पाय पुढच्या चाकांच्या मागे हवेत आणि नाकात पातळ पत्र्याची पोकळ पेटी हवी. धडक बसली की पेटी चेपावी, धक्का तिथेच जिरावा. चंदूने बैठक मागे घेतली. पेटीमुळे मी मात्र फुगलो आणि वारा अडू लागला. मग दशरथने माझ्या अंगावर लोकरीचे धागे चिकटवले. चंदू मढच्या रस्त्यावर गाडी पळवायचा आणि धागे जिथे फडफडत, म्हणजे वारा अडत, तिथे दशरथ मला घासून गोल करायचा. शेवटी सगळे धागे अंगाला चिकटून सरळ राहिले, तेव्हा दोघं पोरांसारखे हसले. माझ्या जन्मातलं सुख काय ते तेवढंच.

पण फुटण्यासाठी म्हणून काही बनवायचं, हे दशरथच्या पचनी पडेना. होडीला पहिली लाट तोंडावरच बसते. तोंड फुटलं की सगळे बुडाले. चंदूने परोपरीने समजावलं. याने मान डोलावली आणि चंदूची पाठ वळताच पेटीत सागाचे तुकडे ठोकून वरून राळ ओतली. माया होती म्हणून केलं, हे मला ठाऊक आहे. त्याच्या आईने, सोनूबाईने, नव्या होडीला लावतात तसं मला हळदकुंकू लावलं. तपासणीवाल्यांनी पेटी आहे एवढं पाहिलं आणि ते पुढे गेले.

शर्यतीत वळणावर ब्रेक लागला नाही. मी सरळ भिंतीवर आदळलो आणि चेपलो नाही. सगळा धक्का माझ्यातून आरपार चंदूच्या पायांत गेला.

दशरथ धावत आला. आधी त्याने मलाच चाचपलं. "टिकलं रे चंदू, टिकलं," म्हणाला. मग त्याला आतलं कण्हणं ऐकू आलं.

चंदूचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. त्याला घरी आणलं त्या दिवशी मला टेम्पोतून उतरवून दाराशी टेकवलं होतं. दशरथ खाटेजवळ बसला होता.

"नाक अख्खं कसं राहिलं रे?" चंदूने विचारलं.

"मजबूत केलं होतं. तुला काही होऊ नये म्हणून."

चंदूने माझ्याकडे बोट केलं. "घेऊन जा ते. आणि तू पण येऊ नकोस."

दशरथ एकदा घण घेऊन आला होता. दोन घाव घातले, मला ओरखडे पडले. मग तो माझ्याशेजारीच बसून रडला. मी कुजत नाही, गंजत नाही, भंगारवालाही मला उचलत नाही. तुमच्यापैकी कुणाला फोडता आलं तर खुशाल फोडा. फुटायचं होतं तेव्हा मी फुटलो नाही. आता फुटून चंदूला पाय फुटायचे नाहीत.