साबणाने धुतलेली कणसं

“लाल कणसं पिंपात, पांढरी चुलीत. आणि धुवायची नाहीत हं, नुसती आपटून झटकायची.”

सासूबाईंचं, म्हणजे महालाआईंचं हे सांगणं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. ऑक्टोबरात मका सोलून दाणे गिरणीवर गेले की रिकामी कणसं उरत. आमच्या खोऱ्यात कुणी ती जाळतं, कुणी डुकरांपुढे टाकतं. आई निम्मी उकळून त्यांचं तपकिरी गोडसर पाणी काढत, निम्मी मोडून कोरडीच पिंपात घालत, वर मक्याचं पीठ आणि साखर. दुकानातलं खमीर त्यांनी कधी आणलं नाही. सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेलं ते मिश्रण, उठायचा तो त्या कोरड्या कणसांच्या धुरळ्यातल्या खमिरावर. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला भट्टी लागायची.

मी त्यात हात घातला नव्हता. ओढ्यात बाप्तिस्मा झाला त्या दिवशी दारूला शिवणार नाही असा नेम घेतला, तो रोज पहाटे गुडघे टेकून पुन्हा म्हणते. आईंनी मला कधी आग्रह केला नाही, मी त्यांना कधी उपदेश केला नाही. एका घरात अठरा वर्षं काढली.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळल्या. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, नाताळ दिसेल असं वाटत नाही. माझा नवरा एल्झी डोंगरांपलीकडे ओहायोत कारखान्यात होता, पंधरवड्यातून एकदा यायचा.

एका दुपारी आईंनी विचारलं, “ओर्लीना, माझा खड्डा कोण खणणार?”

“आई, असं काय बोलता?”

“अगं, खणायचा तर आहेच. गिरणीवाला गिलम आणि त्याचे भाऊ खणतील. पैसे देऊ केलेस तर अपमान होईल त्यांचा. खणणाऱ्यांना पाजायची असते. एल्झीच्या बापाच्या वेळी मी माझ्या हातची पाजली. माझ्या वेळी तू काय, ताक देणार?”

“एल्झी ओहायोतून बाटली आणेल.”

“दुकानातली? मेल्यावर माझी अब्रू घालवायला बसलीस काय?” मग आवाज उतरला. “तू नुसतं पिंप भर. सडवा म्हणजे काही दारू नव्हे. भट्टी गिलम लावेल.”

मी तीन दिवस प्रार्थनेत घालवले. सडवा दारू आहे की नाही, याचं उत्तर मला पवित्र शास्त्रात सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी हो म्हणाले.

माळ्यावरची कणसं खाली काढली तर त्यांत उंदरांच्या लेंड्या, कोळ्यांची जाळी. माणसांच्या पोटात जाणारी वस्तू अशी चुलीवर चढवायला माझं मन धजेना. घरच्या साबणाने ती सगळी घासली, दोन पाण्यांतून काढली, चादरीवर उन्हात वाळवली. पांढरीशुभ्र नाही, पण चांगली गुलाबी झाली. मग निम्मी उकळली, निम्मी मोडली आणि पिंप भरलं.

दुसऱ्या दिवशी फेस नाही. चौथ्या दिवशी पिंपाला कान लावला. आई म्हणत, तव्यावर काहीतरी तळतंय असा आवाज यायला हवा. आत काहीच नव्हतं. सहाव्या दिवशी वर हिरवट साय धरली आणि घाण वास सुटला. मी जाऊन आईंना सांगितलं.

“झटकली होतीस ना?”

“धुतली.”

“पाण्यानं?”

“साबणानं.”

 त्या पोट दाबून हसायला लागल्या. “अगं माझे बाई! कणसांना बाप्तिस्मा दिलास? पापं धुतली त्यांची, आता ती कशाला दारू होतायत!”

मलाही हसू आलं. मग त्यांनी विचारलं, “उरली किती?”

“एकही नाही. सगळी धुतली.”

आईंनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी बीनचं सूप नेलं, ते तसंच राहिलं. मला त्या रागावलेल्या माहीत होत्या, चिडून भांडं फेकणाऱ्या माहीत होत्या. अशा गप्प कधी पाहिल्या नव्हत्या.

दिवा लावून मी खाटेजवळ बसले. म्हटलं, “मी पुन्हा भरते.”

“कणसं कुठली आणणार?”

“गिलमच्या गिरणीमागे ढीग आहे.”

“उद्या शनिवार. चर्चच्या मंडळीतले निम्मे बाप्ये तिथं पाय पसरून बसलेले असतात. बाई रिकामी कणसं मागायला आली की ती कशाला, हे त्यांना कुणी सांगायला नको. रविवारी उभी करतील तुला सगळ्यांसमोर.”

“करतील.”

“काढूनही टाकतील.”

“काढू देत.”

“एल्झीला पाठव त्यापेक्षा.”

“तो यायला अजून नऊ दिवस आहेत, आई.”

आईंनी बोटांवर दिवस मोजले. सडवा उठायला आठवडा, भट्टीला एक दिवस. तेवढे दिवस आपल्याकडे आहेत का, याचा विचार त्या करत असाव्यात. मीही करत होते.

“शब्द देतेस?”

आमच्यात शपथ घेत नाहीत. हो म्हटलं की हो. मी हो म्हटलं.

सकाळी नेहमीप्रमाणे गुडघे टेकले आणि नेम म्हटला. त्यातला एकही शब्द गाळला नाही. मंडळीत अठरा वर्षं ज्या बाकावर बसले तो डोळ्यांसमोर आला, तेव्हा थोडी थांबले, मग उठले. आईंना जरा डोळा लागला होता. शेजारच्या डोशियाला त्यांच्यापाशी बसवलं. दोन रिकामी पोती झटकून घडी करून काखेत धरली. ओढ्याकाठच्या झाडीतून गिरणीच्या मागच्या बाजूला जाता येतं, कुणाला दिसतही नाही. मी डोक्याला रुमाल बांधला, फाटक लावलं आणि मोठ्या रस्त्याने निघाले.