बारदाना वजा

वजनकाट्याच्या तारेला लोंबणारं शिशाचं सील – जुन्या चवलीच्या नाण्याएवढं, कडेला कुणी दातांनी चावल्यासारखं – वारा नसतानाही हलत होतं, आणि रेणू ते थांबायची वाट पाहत होती. ते थांबत नव्हतं, कारण गोदामात हमालांची ये-जा चालू होती. आज धान खरेदी बंद. आज संस्थेचे अध्यक्ष ईश्वरदासजी यांची साठी, म्हणून त्यांची तांदूळतुला. एका पारड्यात ते, दुसऱ्यात तांदूळ, आणि तो तांदूळ चिचगडकडच्या आश्रमशाळेला. फाटकाला झेंडूच्या माळा, मध्ये सागाच्या आडव्या वाशाला साखळदंडांनी टांगलेली दोन फळकुटं, त्यांवर लाल मखमल.

शाळेकडून तांदूळ न्यायला अधीक्षिका येणार होती. नीतू मडावी. यादीत ते नाव रेणूनंच लिहिलं होतं, आणि लिहिताना अक्षर जरा जास्तच वळणदार काढलं होतं.

रेणूचं काम काट्यावर बसून वजन लिहिण्याचं. बारदाना, म्हणजे पोत्याचं स्वतःचं वजन, सहाशे ग्रॅम. ते वजा करायचं, उरेल ते धान. चार हंगाम हेच केल्यानं तिला माणसंही तशीच दिसत – देवानंद सेक्रेटरीतून त्याचं हसणं वजा केलं तर काय उरतं, ईश्वरदासजींतून टोपी वजा केली तर काय उरतं... स्वतःचा हिशेब मात्र ती रोज सकाळी करी. कुणी यायच्या आत त्याच काट्यावर उभी राही. चपला वजा, बांगड्या वजा, काखेतला डबा वजा. तरी लाल आकडे नव्वदच्या खाली येत नसत.

"रेणूताई, ये ना वं इकडे," देवानंद हाक मारत होता. "बसून पाहा पारड्यात. मागच्या साली त्या तिकडच्या गावात पुढारी बसला नि दोर तुटला. आपल्याले तमाशा नाही पाहिजे."

"तांदळाचे कट्टे ठेवून पाहा ना, भाऊ."

"कट्टा काय हलते-डुलते? माणसाचा तोल पाहा लागते. नि तुह्यं नि अध्यक्षाचं सारखंच भरते. एक्याण्णव."

हमाल हसले. टिकाराम तर खांद्यावरचं पोतं खाली ठेवून हसला, म्हणजे सवडीनं.

एक्याण्णव... हा आकडा तिनं कुणाला सांगितला नव्हता. म्हणजे खिडकीतून कुणीतरी रोज पाहत होतं. बांगड्या काढताना, श्वास आत ओढताना – जणू श्वासाचंही वजन असतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नाही म्हणता आलं असतं. ती तोंड उघडणार, तोच फाटकातून शाळेचा टेम्पो आत आला आणि नीतू खाली उतरली. तीच चाल, पाय पूर्ण टेकवून, जणू जमिनीला विचारून.

हिच्यासमोर नको. दुसरं काही नाही, फक्त हिच्यासमोर नको.

फुलचूरच्या त्या खोलीत दोघी दोन वर्षं राहिल्या होत्या, गोंदियाला कॉलेजात असताना. भिंतीवर कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर दोन रकाने – एकात 'मोटी', दुसऱ्यात 'काली'. दिवसभरात असे टोमणे जिचे जास्त भरतील तिला दुसरीनं चहा करून द्यायचा. "आज किती?" "तीन. एक तर रिक्षावाल्याचा, तो मोजायचा का?" "मोज ना, फुकट थोडीच बोलला!" असं हसायच्या की घरमालकीण सुशीलाबाई भिंत वाजवायची. मग एके रात्री चहा राहिला बाजूला आणि कुणाचं जड, यावरून जुंपली. रेणू म्हणाली होती, तुला कुणी बोललं तर ठाण्यात अॅट्रॉसिटीचं कलम तरी आहे, मला कोणतं कलम? तुझ्या घरी सगळे तुझ्यासारखे. माझ्या ताटातली पोळी माझी आईच उचलते. लोक मला तोंडावर बोलतात आणि वर म्हणतात, तुझ्या भल्यासाठी.

नीतूनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "कलमाचं औषध शोधा लागलं, म्हंजे रोग केवढा असन ते समज. तुही आजी अशीच होती ना अंगानं? तिले लोक लक्ष्मी म्हणत. माह्या आज्याले बाजारात वरून मीठ टाकत, हाताले हात नको लागाले म्हणून."

आजीच्या हातातल्या घट्ट रुतलेल्या पाटल्या रेणूला आठवल्या होत्या.

आणि मग तो माठ. व्हरांड्यातला एकच माठ, घरमालकिणीचाही तोच. "बेटा, उस लड़की का पानी अलग रखो, बुरा मत मानना." रेणूनं वाईट मानलं नाही, हीच तर गोष्ट. बाईनं 'उस लड़की' म्हटलं, म्हणजे मोजणीतून मला वगळलं, एवढंच तिला त्या क्षणी ऐकू आलं... मी काय केलं होतं? भांडण नको म्हणून बाजारातून नीतूसाठी एक माठ आणला, चांगला, नळाचा, नक्षीचा. नीतूनं त्या माठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चार महिने त्यातलंच पाणी प्यायली. कॅलेंडरवरचे रकाने त्या दिवसापासून कोरे राहिले.

"काऊन उभी राहून राहिली? बस ना वं!" देवानंदनं पुन्हा हाक मारली.

रेणू बसली. का बसली, ते तिला कळलं, आणि कळल्यावर भीतीच वाटली. नीतूनं हसावं म्हणून. एकदाच, सगळ्यांबरोबर, तोंड भरून. म्हणजे तो माठ फिटला असता.

समोरच्या पारड्यात तांदळाचे कट्टे पडू लागले. साखळदंड कुरकुरले, रेणूचे पाय जमिनीवरून सुटले. "अजून टाका," देवानंद ओरडला, "आमची रेणूताई काही हलकी नाही!" हशा झाला. ती फक्त नीतूचा चेहरा पाहत होती. नीतू हसली नाही. तोंड फिरवलंही नाही. ती तांदळाकडे पाहत होती, पोरांच्या तोंडात जाणारं धान्य पाहावं तशी. मग रेणूकडे पाहिलं, त्याच नजरेनं.

फोटोवाला मोनू पुढे सरसावला, नीतूकडे वळून म्हणाला, "रिहर्सल का एक फोटो ले लेते हैं. मॅडम, आप थोडा पीछे. कॅमेरा में आपका चेहरा आता नहीं, सिर्फ दांत आयेंगे."

पुन्हा हशा, पहिल्याहून मोठा. हसणं आपल्यावरून उठून दुसरीकडे गेलं, हे रेणूच्या अंगाला तिच्याआधी कळलं. पोटातून एक हलकेपणा वर आला आणि ओठ मिटायच्या आत हसू होऊन बाहेर पडला. आवाज झाला नाही. पण पारडं थरथरलं, वाशावरची माळ थरथरली. माणसानं लपवलं असतं ते साखळदंडांनी सगळ्यांना दाखवलं.

कुणाला कळलं, कुणाला नाही. नीतू पुढे आली. मागे नाही, पुढे. मोनूच्या आणि पारड्याच्या मधून. तिनं साखळी मुठीत धरली आणि पारडं थांबवलं. इतक्या जवळ की तिच्या केसांतल्या तेलाचा वास आला, तोच, फुलचूरच्या खोलीतला.

"हलू नको वं," ती हळूच म्हणाली. "मोजून होऊ दे त्याहिचं."

'त्याहिचं' – म्हणजे आपलं नव्हे? का या एकाच शब्दात तिनं रेणूलाही त्यांच्यातच घातलं होतं? रेणूला विचारायचं होतं. तो माठ अजून रेणूच्याच घरी होता, अंगणात, त्यात मनीप्लांट लावला होता, तेही सांगायचं होतं. साखळीवरची ती मूठ सैल होत नव्हती, घट्टही होत नव्हती. खाली देवानंद कट्टे मोजत होता, एक, दोन, आणि सवयीनं रेणूच्या मनात बारदाना वजा होऊ लागला – सहाशे, बाराशे – मग मध्येच कुठेतरी तो थांबला. काय वजा करायचं आणि काय ठेवायचं, हे तिला एकदम आठवेना, आणि पाय जमिनीला लागत नव्हते.