गच्चीवरच्या सळया

धाकटा मुलगा शिवम पुण्याहून बायकापोरांसह परत येईल तेव्हा वर मजला चढवू, म्हणून गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या ठेवल्या होत्या. फुलंब्रीत सगळेच ठेवतात. आता शिवम येतोय, तर सळया पावसानं गंजलेल्या.

इंजिनिअर मंजुषाबाईंनी खांब तपासले.

“काका, गंज खालपर्यंत उतरलाय. वर मजला चढवला तर भूकंपाच्या एका धक्क्यात सगळं घर बसेल. आधी खालचे खांब मजबूत करा.”

माझी बायको भागूबाई सळयांना बांधलेली दोरी सोडत म्हणाली, “लई वर्षं उभ्या होत्या. कपडे वाळवण्यापुरत्याच कामाला आल्या.”

मी तिथूनच शिवमला फोन लावला.

“मजला नाय होत, पोरा. पैसा खालच्या खांबांतच जाईल. तरी ये. आमची खोली तुम्ही घ्या, आम्ही ओसरीत झोपू.”